मैत्रिणीसोबत चिखलदऱ्याला: घरगुती हॉटेलात तीन रात्री राहायचं तर

नागपूरचा माणूस आणि चिखलदरा बघितला नाही, असं सहसा होत नाही. विदर्भाला थंड हवेचं ठिकाण एकच, त्यामुळे शाळेची सहल, कॉलेजचा ग्रुप, नवं लग्न झालेली जोडपी, सगळे एकदा तरी जाऊन येतात. पण जाणं कसं? पहाटे पाचला निघायचं, अकराच्या सुमारास पोचायचं, अंधार पडेपर्यंत आठ पॉइंट उरकायचे, रात्री कुठेतरी पाठ टेकायची आणि सकाळी परतीला लागायचं. मी अशी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर आणखी एक सुट्टी टाकावी लागली.

तिसऱ्यांदा शाळेपासूनची मैत्रीण सोबत होती. दोघींची पन्नाशी जवळ आलेली, दोघींच्या घरी वर्षभर आजारपणं झालेली. एका कुटुंबाने चालवलेल्या सात खोल्यांच्या हॉटेलात आम्ही तीन रात्री राहिलो. मागच्या अंगाला त्यांचं घर, पुढे खोल्या, मध्ये अंगण. तेव्हापासून दर वर्षी जातो. मधल्या काळात चुकायचं तेवढं चुकून झालं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते. मी मैत्रीण म्हणते आहे, पण दोन मित्र निघाले तरी यातलं काही बदलत नाही.

१. आधी एकमेकांशी बोला, मग जागा शोधा

सगळे हॉटेलपासून सुरुवात करतात. तुम्ही सोबतीपासून करा. तीस वर्षांची मैत्री असली तरी एका खोलीत तीन रात्री राहणं वेगळं असतं.

आमचं पहिल्याच वर्षी बिनसलं होतं. तिला सहा वाजता गाविलगड चढायचा होता, मला झोप काढायची होती. दोघींनी एकमेकींसाठी मन मारलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघीही घुम्या बसलो. आता निघायच्या आधीच ठरतं: न्याहारीपर्यंतची वेळ जिची तिची, दुपारचीही जिची तिची, संध्याकाळचा फेरफटका मात्र दोघींचा. कोण घोरतं, कोणाला रात्री दिवा लागतो, घरच्यांचे फोन कधी घ्यायचे, हेही बोलून घ्या. लाजायचं कारण नाही.

पैशांसाठी एक छोटी थैली करा. खोलीचं भाडं सोडून बाकी खर्चासाठी दोघांनी सारखी रक्कम त्यात टाकायची आणि चहापासून टॅक्सीपर्यंत सगळं त्यातून द्यायचं. उरलं तर परतीच्या वाटेवर परतवाड्याला खर्च करायचं. ‘मी देते, तू राहू दे’ ही ओढाताण त्यामुळे थांबते.

२. दिवस निवडताना

शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यातला आणि १५ ऑगस्टच्या आसपासचा तर टाळाच टाळा. एका ऑगस्टमध्ये आम्ही घाटात गाड्यांच्या रांगेत तीन तास अडकलो होतो. सोमवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळी निघणं सगळ्यात चांगलं. भाव उतरलेले असतात आणि घरातल्या माणसांना तुमच्याशी बोलायला फुरसत असते.

रात्री किमान तीन हव्यात. पहिला दिवस प्रवासाचा शीण काढण्यात जातो, दुसऱ्या दिवशी मन अजून नागपुरातच असतं, तिसऱ्या दिवशी कुठे माणूस अंगणात नुसता बसू शकतो.

ऋतूबद्दल एक गैरसमज फार आहे. मे महिन्यात, नवतपात म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, लोक कुडकुडायच्या तयारीने निघतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, चिखलदरा १,११८ मीटरवर. दर हजार मीटर उंचीला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे वर तुम्हाला पाचेक अंशांचा फरक मिळेल. नागपुरात ४५ असेल तर चिखलदऱ्यातही दुपारी पंखा लागणारच. संध्याकाळ आणि पहाट मात्र फार सुखाची. शिवाय उन्हाळ्यात वर पाण्याची ओढ असते. पावसाळ्यात धो धो कोसळलेलं पाणी या काळ्या खडकाच्या डोंगरावरून वाहून खाली निघून जातं आणि एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघावी लागते.

माझ्या मते सगळ्यात उत्तम काळ ऑक्टोबर ते जानेवारी. थंडीत पारा पार पाच अंशांपर्यंत उतरतो, धुकं कमी असतं, दऱ्या स्वच्छ दिसतात. धबधबे बघायचेच असतील तर जुलै ते सप्टेंबर, पण दोन-दोन दिवस पाच फुटांपलीकडचं दिसणार नाही ही मनाची तयारी ठेवून. आम्हाला तेही आवडतं. खिडकीतून ढग आत येतो, गाद्या दमट होतात, हॉटेल चालवणाऱ्या काकू चहात आलं वाढवतात.

३. हॉटेल शोधा आणि फोन करा. खरं बुकिंग फोनवरच होतं

ॲपवरच्या फोटोंवर जागा ठरवू नका. फोटो बघा, नाव आणि नंबर मिळवा, आणि चालवणाऱ्या माणसाशी स्वतः बोला. राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिच्यात घरगुती जागांची नोंदणी होते. तिथून सुरुवात करणं बरं. त्याहून बरं म्हणजे अमरावती-परतवाड्याकडचे कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारणं. नागपुरात असे नातेवाईक कोणाला नाहीत?

घरगुती हॉटेल म्हणजे लहान आकाराचं मोठं हॉटेल, असं समजून गेलात तर हिरमोड होईल. तिथे रात्री अकराला सँडविच येत नाही. स्वयंपाक करणारी तीच, हिशेब ठेवणारी तीच, मुलांचा अभ्यास घेणारीही तीच. म्हणून मी फोनवर हे सगळं विचारते:

गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळतं, आणि ते कशावर तापतं? सोलर असेल तर ढगाळ दिवसांत कोमटच येणार. बंब असेल तर उत्तम, फक्त आपली वेळ सांगून ठेवावी लागते. गॅस गिझर न्हाणीघराच्या आतच बसवला असेल आणि हवा खेळायला झरोका नसेल, तर ती खोली घेऊ नका. बंद जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावण्याचंही तसंच. कोणी प्रेमाने आणून दिली तरी शेकून झाल्यावर बाहेर ठेवायला सांगा.

वीज गेली तर काय? इन्व्हर्टरवर पंखा-दिवा चालतो की फक्त व्हरांड्यातला एक बल्ब?

खिडकी कुठे उघडते? ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणजे कधी कधी शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. सरळ सांगा, खिडकीतून मोबाइलवर एक व्हिडिओ काढून पाठवा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

गुडघे दुखत असतील तर पायऱ्या किती आणि कमोड आहे का, हे दोन प्रश्न.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, जो कोणी विचारत नाही: त्या दिवशी दुसरं कोण उतरलं आहे? वीस जणांचा ग्रुप स्पीकर घेऊन आला तर तुमची शांतता संपली. आमच्या काकूंनी एकदा स्वतःच सांगितलं, “ताई, मंगळवारी पोट्ट्यांचा ग्रुप येऊन राहिला, तुम्ही बुधवारीच या ना.” आम्ही एक दिवस पुढे ढकलला. असं सांगणारं घर मिळालं की ते सोडू नका.

४. पैसे आणि कागदपत्रं

ॲडव्हान्स एका रात्रीच्या भाड्याहून जास्त देऊ नका. तो देण्याआधी खात्री करा की फोनवरचा माणूस खरंच तिथलाच आहे. दुसऱ्याच कोणाचे फोटो लावून पैसे उकळणारे भामटे असतात. आमच्या ओळखीतल्या एकीचे पाच हजार असेच गेले. व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवायला सांगणं हा सोपा उपाय. ‘तुमचा परतावा पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवा: तारखा, भाडं, त्यात न्याहारी आहे की नाही, दिलेली रक्कम. समोरून ‘हो’ आलं की झालं.

बिलात जीएसटी लावला तर बिलावर जीएसटी क्रमांक असायला हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान व्यवसायाला साधारणपणे ही नोंदणी लागत नाही, त्यामुळे साधी पावती मिळाली तर बिचकू नका.

जवळ ठेवायचे कागद:

- दोघांचंही स्वतंत्र ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत काढून ठेवा.
- गाडी नेत असाल तर आरसी, विमा, पीयूसी.
- औषधांची चिठ्ठी आणि औषधं दोन दिवसांची जास्तीची.
- रोख रक्कम. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

मैत्रीण परदेशी पासपोर्टवर आली असेल तर हॉटेल ठरवण्याआधीच सांगा. परदेशी पाहुणा उतरला की मालकाला २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, आणि त्यासाठीची नोंदणी सगळ्या लहान जागांकडे नसते. दारात पोचल्यावर नकार ऐकायची वेळ येऊ नये.

५. जायचं कसं

नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. गाडीने कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा आणि मग घाट. चहा-नाश्ता धरून सहा तास मोकळे ठेवा. तळेगाव सोडल्यावर वर्धा नदीचा पूल लागतो, तो लक्षात ठेवा, पुढे त्याची गोष्ट आहे.

नकाशातला एक सापळा: अमरावती जिल्ह्यात धामणगाव दोन आहेत. धामणगाव रेल्वे दक्षिणेकडे, रेल्वेमार्गावर. तुम्हाला हवं ते धामणगाव गढी, परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मोबाइलवर नुसतं ‘धामणगाव’ टाकून एक ओळखीचं कुटुंब भलतीकडेच पोचलं होतं. परतवाड्याहून वर जायला धामणगाव गढीचा एक रस्ता आणि घटांगचा दुसरा. कुठला सध्या बरा आहे, कुठे दरड आली आहे, हे निघायच्या सकाळी यजमानांना विचारा.

परतवाड्यालाच टाकी भरा, एटीएम तिथेच गाठा आणि घरी फोनही तिथूनच करा. दुपारी चारच्या आत घाट चढायला घ्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा.

एसटीने जायचं तर गणेशपेठ स्थानकातून अमरावती, तिथून परतवाडा किंवा चिखलदऱ्याची गाडी. राज्यात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. वयाचा पुरावा सोबत ठेवा. रेल्वेने निघालात तर बहुतेक गाड्या बडनेऱ्याला थांबतात, अमरावती शहर तिथून दहाएक किलोमीटर. घाटाची सवय नसेल तर एसटीच बरी. चालवणाऱ्याला वळणं पाठ असतात आणि आपल्याला खिडकी मिळते.

६. पिशवीत काय

गरम कपडे, अगदी मे मध्येसुद्धा एक शाल. पकड असलेल्या चपला किंवा बूट, कारण शेवाळलेल्या दगडांवर स्लीपर दगा देतात. टॉर्च. पावसाळ्यात कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, वर एक जास्तीचा टॉवेल, तिथे तीन-तीन दिवस काही वाळत नाही. पुस्तक एकच न्या.

घरासाठी काहीतरी न्या. आम्ही थंडीत पिशवीभर संत्री नेतो. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात नेऊन दिली की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

७. घराच्या वेळापत्रकात बसा

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे जेवणाचं सांगणं. रात्री काय खाणार, किती वाजता, किती भाकरी, हे दुपारीच. पहिल्या वर्षी आम्ही साडेनऊला जेवण मागितलं तेव्हा चूल विझून गेली होती. काकूंनी न बोलता पुन्हा पेटवली आणि पिठलं टाकलं. मला त्या पिठल्याची चव आठवते आणि त्यांचे दमलेले डोळेही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, “दुपारीच सांगजा ताई, मग काही तरास नाही.” तेव्हापासून कधी चुकलो नाही.

मेनू कार्ड मागू नका. आज घरात काय आहे ते विचारा. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, थंडीत वांग्याचं भरीत, नशीब असेल तर रोडगे. नागपुरात तर्री-पोह्यांनी दिवस सुरू करणाऱ्यांना पहिल्या दिवशी जेवण सौम्य वाटेल, दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागेल. चिखलदऱ्यात गवळी समाजाच्या म्हशी आहेत, त्यामुळे खवा आणि रबडी इथे ताजी मिळते. ती हॉटेलात न मागता बाहेर गवळ्यांकडूनच घ्या. इथे कॉफीचीही लागवड आहे, जी महाराष्ट्रात सहसा दिसत नाही. पण कपात येणारी कॉफी बऱ्याचदा पाकिटातली असते, म्हणून इथली पूड घरात आहे का ते विचारा.

स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका, बोलावलं तर जरूर जा. आपली ताटं उचलून ठेवणं कोणी मागत नाही, पण ठेवलीत तर घर उघडतं. घरातल्या मुलीला खोली झाडायला लावणं, गाडी पुसायला सांगणं, हे मात्र करू नका. आसपास काम करणारे अनेक जण कोरकू आहेत. त्यांची कोरकू भाषा मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली. मराठीशी तिचं काही नातं नाही. त्यांचं मराठी अडखळलं तर हसू नका. दोन शब्द त्यांच्याकडून शिकून घ्या.

आणि मग काही करू नका. मनापासून सांगते, हे सगळ्यात कठीण काम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हात आपोआप मोबाइलकडे जातो, ‘आपण इतक्या लांब येऊन नुसत्या बसलोय’ असं वाटायला लागतं. तेव्हा उठून पॉइंट बघायला धावलात की तीन रात्री वाया गेल्या. खुर्च्या व्हरांड्यात ओढा. आमच्या खुर्च्यांसमोर सिल्व्हर ओक आहे, त्याची पानं वाऱ्याने उलटली की सगळं झाड पांढरं होतं. मैत्रिणीने तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल पहिल्यांदा मला सांगितलं ते तिथे, चौथ्या की पाचव्या कप चहाला. नागपुरात आम्ही दर आठवड्याला भेटत होतो.

८. बघायचं ते थोडं, पण नीट

दिवसाला एक ठिकाण पुरे.

गाविलगडाला एक पूर्ण सकाळ द्या. १४२५ साली बहामनी सुलतान अहमदशहाने बांधलेला हा किल्ला गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला आणि दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. येताना ओलांडलेला पूल म्हणजे ती हद्द. नागपूरच्या महाल भागात लहानाची मोठी झालेल्या मला हे किल्ल्यावर उभं राहिल्यावर जेवढं कळलं तेवढं शाळेत कळलं नव्हतं. गवत वाढलेलं असतं, तटावर कठडा नाही. पाणी सोबत न्या आणि एकटं जाऊ नका.

भीमकुंडाला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं आणि मग इथेच हात धुतले, अशी कथा आहे. कीचकदराचं चिखलदरा झालं, असं लोक सांगतात. पावसाळ्यात जा, पण पाण्याच्या कडेला उतरू नका. पंचबोल पॉइंटला हाक मारली की समोरच्या डोंगरांतून ती परत परत येते. सकाळी लवकर गेलात तरच ऐकू येईल, नंतर तिथे सगळेच ओरडत असतात. माकडांना काही खायला देऊ नका आणि हातात पिशवी लोंबकळत ठेवू नका.

जंगल बघायचं असेल तर आधी बुकिंग करा. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ ठिकाणांत मेळघाट होतं. मात्र हा डोंगराळ, दाट प्रदेश आहे, ताडोबासारखा वाघ सहज दिसत नाही. वाघासाठी जाणार असाल तर निराश व्हाल, सागाच्या जंगलासाठी जाणार असाल तर सेमाडोह-कोलकासचा रस्ताच पुरेसा आहे.

९. निघताना

हिशेब आदल्या रात्री चुकता करा. सकाळी घरात घाई असते. थैलीतून स्वयंपाकात हात लावणाऱ्या बाईंना वेगळे पैसे द्या, त्यांच्या हातात, मालकांमार्फत नाही. काही खटकलं असेल तर तिथेच, शांतपणे सांगा. न्हाणीघरातली कडी ढिली असल्याचं आम्ही सांगितलं, पुढच्या वर्षी नवी बसवलेली होती.

काकू बहुधा वाटेसाठी भाकरी-ठेचा बांधून देतील, स्टीलच्या डब्यात. ‘राहू द्या’ म्हणू नका, घ्या. डबा घासून ठेवा आणि पुढच्या खेपेला संत्र्यांसोबत परत न्या. आणि नागपुरात पोचलात की कितीही उशीर झाला तरी फोन करा. घाट उतरून गेलेल्या पाहुण्याचा फोन येईपर्यंत त्या घरातला अंगणातला दिवा चालू असतो.